टेट्रिसच्या आधी पझल गेम विकले जायचे का? आणि पैसे नक्की कोणाला मिळायचे?

चौकोनी_चिंटू (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. फावल्या वेळात मी एक छोटासा पझल गेम करतोय, ठोकळे सरकवायचे टाइप, तीसेक लेव्हल झाल्यात. परवा एका मित्राला दाखवला तर तो म्हणाला छान आहे रे, पण असल्या गेमला पैसे कोण देतं, हे तर लोक फुकटच खेळतात. तेव्हापासून जरा खट्टू झालोय. म्हटलं बघूया तरी की मुळात हा धंदा सुरू कसा झाला, पण मला पझल गेम म्हटलं की टेट्रिसच आठवतो, त्याच्या आधीचं काहीच माहीत नाही.

तर प्रश्न दोन. टेट्रिसच्या आधी नुसतं डोकं चालवायचे गेम कोणी खिशातले पैसे घालून विकत घ्यायचं का? आणि ज्यांनी ते बनवले त्यांच्या हातात काही पडलं का, की मधलेच खाऊन गेले? टेट्रिसवाल्याला एक दमडी मिळाली नाही असं ऐकलंय, ते कितपत खरं आहे?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आधी धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

जुनी_फ्लॉपी

चांगला विषय काढलात. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की 'पझल गेम' असा वेगळा कप्पाच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गेमचा पैसा म्हणजे आर्केडचा पैसा, आणि आर्केड मशीनचं सगळं गणित एकाच गोष्टीवर, की माणूस दोन-तीन मिनिटांत मेला पाहिजे म्हणजे तो पुढचं नाणं टाकतो. आता तुम्ही त्याला विचार करायला बसवलंत तर तो हनुवटीवर हात ठेवून पंधरा मिनिटं एका नाण्यात काढणार, मालकाचं दिवाळं. त्यामुळे डोक्याचे गेम आर्केडमधे रुजलेच नाहीत, ते वाढले घरच्या कॉम्प्युटरवर, जिथे एकदा कॅसेट नाहीतर फ्लॉपी विकली की गिऱ्हाईक किती वेळ खेळतो याच्याशी दुकानदाराला काही घेणं-देणं नाही. माझ्या मते या एका फरकामुळे पुढचं सगळं घडलं.

प्रयत्न सुरू होतेच. १९८२ मधे अटारीने आपल्या घरच्या मशीनवर व्हिडिओ क्यूब नावाने रुबिकच्या ठोकळ्याचा गेम आणला होता, बाहेर त्या ठोकळ्याचं वेड होतं म्हणून. पण ते आहे तेच कोडं पडद्यावर आणणं झालं. पडद्यासाठीच म्हणून विचार केलेलं आणि धंदा म्हणून विकलेलं पझल म्हणाल तर मी सोकोबानचं नाव घेईन.

सोकोबान म्हणजे गोदामाचा रखवालदार. हिरोयुकी इमाबायाशी नावाच्या माणसाने जपानमधे १९८१ मधे केला, आणि त्याच्याच थिंकिंग रॅबिट या कंपनीने १९८२ च्या डिसेंबरमधे विकायला काढला. कंपनी ताकाराझुका नावाच्या गावातली, म्हणजे टोकियोच्या झगमगाटापासून लांब. नियम एका वाक्यात सांगता येतो: पेट्या ढकलायच्या आणि ठरलेल्या जागी नेऊन ठेवायच्या. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. झालं, एवढंच. पण खेळून बघा म्हणजे कळेल. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा एक पेटी भिंतीला लावली आणि कडेकडेने सरकवत नेली, वाटलं सोप्पंय की, आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. आता कोपऱ्यातल्या पेटीच्या मागे जाऊन उभं राहायला जागाच नाही. म्हणजे ती पेटी मेली. आणि गंमत म्हणजे गेम तुम्हाला काहीही सांगत नाही, भोंगा वाजत नाही, 'हरलात' असं येत नाही, तुम्ही अजून अर्धा तास बाकीच्या पेट्या ढकलत बसता आणि मग कधीतरी लक्षात येतं की चाळीस चालींपूर्वीच खेळ संपला होता. आर्केडमधे असला प्रकार चाललाच नसता.

अमेरिकेत तो यायला १९८८ उजाडलं, स्पेक्ट्रम होलोबाइटने आणला. हे नाव लक्षात ठेवा, टेट्रिसच्या गोष्टीत परत येणार आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे पझलला अ‍ॅक्शनचा सदरा घालून विकायचं. डग स्मिथचा लोड रनर, १९८३, ब्रॉडरबंडने काढला. दिसायला पळापळी, शिड्या, मागे लागलेले शिपाई, पण आत नुसती कोडी भरलेली, कुठला खड्डा आधी खणायचा आणि कुठला नंतर. पहिली कच्ची आवृत्ती पाठवली तर ब्रॉडरबंडने एका ओळीत नाही म्हणून कळवलं, मग त्याने रंगरंगोटी करून परत चार कंपन्यांना पाठवला आणि चौघांचाही होकार आला, त्यातून निवडली ती ब्रॉडरबंडच. १५० लेव्हल, आणि वर लेव्हल स्वतः बनवायची सोय गेममधेच दिलेली, जी तेव्हा फार कोणी देत नव्हतं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या पीटर लीपा आणि ख्रिस ग्रे यांचा बोल्डर डॅश आला, त्याचंही तेच, हिरे गोळा करतोय असं वाटतं आणि खरं म्हणजे कुठला दगड कधी खाली येईल याचा हिशोब चाललेला असतो.

आणि एक नाव जे कोणी घेत नाही, ब्रोडी लॉकार्ड. जिम्नॅस्टिक्स करताना अपघात झाला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. तोंडात काठी धरून एकेक बटण दाबत त्याने प्लेटो नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर माजाँगच्या सोंगट्या जोडीजोडीने उचलायचा गेम लिहिला, १९८१ मधे. पुढे १९८६ मधे अ‍ॅक्टिव्हिजनने तोच शांघाय नावाने बाजारात आणला. आज फोनवर माजाँग म्हणून जे काही लोक खेळतात ना, ते खऱ्या चौघांच्या माजाँगशी संबंध नसलेलं, ते सगळं तिथून आलंय.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, विकले जायचे, आणि बऱ्यापैकी विकले जायचे. दुसऱ्यासाठी टेट्रिसमधला कोणीतरी येईल, मी थांबतो.

ठोकळेबाज

मला बोलावलंत का 😀

जुनी_फ्लॉपींनी छान लिहिलंय. आर्केडचा मुद्दा पटला, फक्त त्यात एक भर घालतो. टेट्रिसची खरी करामत हीच की त्याने कोड्याला घड्याळ लावलं. ठोकळा पडतोच आहे, तुम्ही विचार करा नाहीतर नका करू. त्यामुळे तो घरीही चालला आणि आर्केडमधेही चालला.

आता दमडीचं. थोडक्यात, हो, जवळपास दहा-बारा वर्षं टेट्रिस बनवणाऱ्या पाजितनोव्हला रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. पण त्याला कोणी फसवलं असं सरळ म्हणता येत नाही, गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे आणि मजेशीरही.

अलेक्सी पाजितनोव्ह मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कॉम्प्युटिंग सेंटरमधे कामाला होता. १९८४ मधे इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या मशीनवर त्याने हे केलं. त्या मशीनला ग्राफिक्सच नव्हतं, नुसती अक्षरं उमटायची, म्हणून त्याने कंसाची चिन्हं जोडून चौकोन केले. म्हणजे जगातला पहिला टेट्रिस कंसांचा होता. मुळात पाच-पाच चौकोनांचे तुकडे डब्यात बसवायचं लाकडी कोडं त्याच्या आवडीचं, त्याचे बारा तुकडे होतात, ते फार झाले म्हणून चार-चार चौकोनांचे सात घेतले. आणि सुरुवातीला पडदा काही सेकंदांत भरून जायचा आणि खेळ खलास, तेव्हा त्याला सुचलं की भरलेली ओळ तशीही काही कामाची नाही, ती काढूनच टाकू. मला विचाराल तर या एका सुचण्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे.

मग वादिम गेरासिमोव्ह म्हणून १६ वर्षांचा पोरगा होता, त्याने पाजितनोव्ह आणि दिमित्री पाव्लोव्स्की यांच्याबरोबर आयबीएम पीसीवर रंगीत आवृत्ती केली, आणि ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर कॉपी होत पसरली. पैसे वगैरे कोणाच्या डोक्यात नव्हतं. असणार कसं, सोव्हिएत युनियनमधे एका माणसाने आपल्या नावावर सॉफ्टवेअर विकायची पद्धतच नव्हती, सरकारी मशीनवर केलेलं काम सरकारचं.

ती फ्लॉपी पोचली बुडापेस्टला. तिथल्या एका कॉम्प्युटर संस्थेत लंडनच्या अँड्रोमेडा कंपनीचा रॉबर्ट स्टाइन १९८६ मधे गेम शोधत गेला होता, त्याला एका पडद्यावर हे दिसलं आणि तो तिथेच खेळत बसला. मग त्याने मॉस्कोला टेलेक्स केला, तिकडून उत्तर आलं की आम्हाला रस आहे. आता 'रस आहे' म्हणजे बोलूया असा अर्थ की सौदा झाला असा अर्थ? स्टाइनने आपल्या सोयीचा घेतला. सही हातात यायच्या आधीच त्याने हक्क विकून टाकले, युरोपचे ब्रिटिश वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेलच्या मिररसॉफ्टला आणि अमेरिकेचे स्पेक्ट्रम होलोबाइटला, म्हणजे वर आलं तेच नाव. १९८८ च्या सुरुवातीला गेम दुकानात लागला पण आणि मॉस्कोशी रीतसर करार त्याच्यानंतर झाला! कोणी घर विकून मग सात-बारा शोधायला निघावं तसं.

विकताना रशियाच विकला हे विशेष. लाल खोका, त्यावर मॉस्कोचं कांद्याच्या घुमटांचं चर्च, आणि पुढे तर नावातला आर उलटा छापायची फॅशन आली. शीतयुद्ध चालू होतं ना, पलीकडून काहीतरी खेळण्यासारखं आलंय याचंच लोकांना अप्रूप.

यानंतर हक्कांची साखळी बघा. मिररसॉफ्टने आपल्याकडचे हक्क अटारी गेम्सला दिले, अटारी गेम्सने जपानच्या आर्केडचे सेगा या गेम कंपनीला दिले आणि जपानमधल्या घरच्या मशीनचे हेंक रॉजर्सला. हा रॉजर्स जन्माने डच, वाढला न्यूयॉर्कमधे, धंदा जपानमधे. १९८८ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्याने टेट्रिस पाहिला, पुन्हा पुन्हा रांगेत जाऊन खेळला म्हणतात. आणि या सगळ्या साखळीच्या मुळाशी काय तर स्टाइनच्या करारातला एक शब्द, 'कॉम्प्युटर'.

१९८९ चा फेब्रुवारी. निन्टेन्डोचा गेम बॉय येणार हे रॉजर्सला माहीत होतं आणि त्यासाठी हातातल्या मशीनचे हक्क त्याला पाहिजे होते, म्हणून तो पर्यटक व्हिसावर, कोणाला न कळवता, थेट मॉस्कोत धडकला. नेमके त्याच आठवड्यात स्टाइन पण आलेला आणि मॅक्सवेलचा मुलगा केविन पण आलेला, आणि तिघांशी बोलणारा माणूस एकच, निकोलाई बेलिकोव्ह, एलोर्ग म्हणजे सॉफ्टवेअरची परदेशी विक्री बघणाऱ्या सरकारी खात्यातला. रॉजर्सने मोठ्या अभिमानाने आपली जपानमधली फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या घरच्या मशीनची, कार्ट्रिज टेबलावर ठेवली, बघा तुमचा गेम मी किती छान विकतोय. बेलिकोव्ह बघतच राहिला. म्हणाला हे आम्ही कोणालाच दिलेलं नाही. आम्ही फक्त कॉम्प्युटरचे हक्क दिलेत.

रॉजर्सच्या पायाखालची जमीन सरकली असणार. पण त्याने कांगावा केला नाही, साखळी कशी आली ते सगळं सांगून टाकलं आणि विकलेल्या कार्ट्रिजचे पैसे द्यायला तयार झाला, मला वाटतं तिथेच तो जिंकला. केविन मॅक्सवेलला तीच कार्ट्रिज दाखवली तर तो म्हणाला ही चोरीची असणार, आणि खोक्यावर त्याच्याच कंपनीचं नाव छापलेलं!

आणि मग बेलिकोव्हची ती चाल. स्टाइनसमोर त्याने कराराची दुरुस्ती ठेवली. त्यात पैसे उशिरा दिले तर दंड असं कलम होतं, स्टाइन त्याच्यावरच भांडत बसला. त्याच कागदात एक साधीशी व्याख्या घातलेली होती, की कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. वाचायला काय निरुपद्रवी वाटते बघा. पण टीव्हीला जोडायच्या गेम मशीनला ना कीबोर्ड ना डिस्क ड्राइव्ह. सही झाली आणि त्या क्षणी स्टाइनच्या हातातून, पर्यायाने मिररसॉफ्टच्या, पर्यायाने अटारी गेम्सच्या हातातून घरच्या मशीनचे हक्क गेले, ते त्यांच्याकडे कधी नव्हतेच असं कागदोपत्री ठरलं. मार्चमधे निन्टेन्डोचे लोक मॉस्कोला येऊन सही करून गेले.

इकडे अटारी गेम्सने टेंजेन या नावाखाली आपली कार्ट्रिज करून ठेवलेली, तीही एड लॉगने केलेली, म्हणजे अ‍ॅस्टरॉइड्स हा गाजलेला आर्केड गेम करणारा, साधा माणूस नव्हे. मे १९८९ मधे दुकानात आली, जूनमधे कोर्टाने मनाई केली. तेवढ्या काळात लाखाच्या आसपास गेल्या, उरलेल्या गोदामात सडल्या. जाणकार आजही सांगतात की ती आवृत्ती निन्टेन्डोच्या कार्ट्रिजपेक्षा सरस होती, दोघांना एकत्र खेळता यायचं. पण कोर्टाला सरस-निरसशी काय देणं-घेणं.

पाजितनोव्हने आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारी संस्थेच्या हवाली केले होते, त्यामुळे या सगळ्या ओढाताणीत तो नुसता बैठकीत बसलेला माणूस. १९९१ मधे तो अमेरिकेत गेला. मुदत संपल्यावर १९९६ मधे रॉजर्सबरोबर टेट्रिस कंपनी काढली, तेव्हापासून त्याला पैसे मिळायला लागले. म्हणजे दमडी मिळाली, पण उशिरा, आणि तीही मॉस्कोच्या त्या आठवड्यात रॉजर्सशी दोस्ती जमली म्हणून.

तिरका_डोळा

बाबौ! वाचनखूण साठवली. 'कॉम्प्युटर म्हणजे काय' वर लाखोंचा गेम फिरला, कसलं भारी. आमच्याकडे ऑफिसात क्लायंट 'रिपोर्ट' म्हणजे काय यावर सहा महिने भांडला होता, आम्हाला पण बेलिकोव्ह पाहिजे होता.

पण एक सांगू का, तुम्ही दोघंही कोणी बनवला आणि कोणी सही केली यावर लिहिताय, खरा पैसा झाला तो खोक्यात काय टाकलं यावरून. अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात काय द्यायचं यावर रॉजर्सने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुख अराकावाला सांगितलेलं प्रसिद्ध आहे, की पोरांनी विकत घ्यायला पाहिजे असेल तर मारिओ टाका, सगळ्यांनी घ्यायला पाहिजे असेल तर टेट्रिस टाका. अराकावाने ऐकलं. साडेतीन कोटी कार्ट्रिज झाल्या गेम बॉयच्या टेट्रिसच्या. यातल्या कितीतरी लोकांनी टेट्रिस 'विकत' घेतलाच नाही, त्यांनी मशीन घेतलं आणि टेट्रिस बरोबर आला. आणि गंमत बघा, मशीनपण टेट्रिसमुळेच खपलं, कारण तो हिरवट पिवळट पडदा, काही वेगाने हललं की धूसर व्हायचं, त्यावर मारधाडीचे गेम बघवायचे नाहीत. टेट्रिसला काय लागतं, चार चौकोन. जावई आणि सासरा एकाच मापाचे.

तीच कथा विंडोजची. १९९० मधे विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर फुकट आला. लोकांना माउसने पत्ता उचलून दुसरीकडे सोडायची सवय लागावी हा एक हेतू. लिहिणारा वेस चेरी तेव्हा मायक्रोसॉफ्टमधे इंटर्न होता, त्याला त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. माइनस्वीपर तर आधी विकत होता! १९९० मधे एन्टरटेनमेंट पॅक म्हणून पैसे घेऊन विकायचे त्यात होता, टेट्रिसपण होता त्यात, मग १९९२ ला विंडोज ३.१ मधे माइनस्वीपर फुकट घातला. म्हणजे धागाकर्त्याचा मित्र जे म्हणतो ना, की हे लोक फुकट खेळतात, ती सवय लावली कोणी ते बघा.

माझं म्हणणं एवढंच की पझलचा पैसा कोडं घालणाऱ्याला कधीच नव्हता, ज्याच्याकडे खोका आहे त्याला होता.

जुनी_फ्लॉपी

तिरका_डोळा, खोक्याचा मुद्दा झकास, पण 'कधीच नव्हता' हे नाही पटलं. तुम्ही जी उदाहरणं देताय ती सगळी नियमाची आहेत. टेट्रिस, सॉलिटेअर, माइनस्वीपर, यांच्यात काय आहे, एक नियम आणि फासे टाकल्यासारखा क्रम. तो नियम कोणीही वाचला की संपलं, आठवड्यात नक्कल करता येते. १९८५ मधे कुनिआकी मोरिबेने चेन शॉट केला, सारख्या रंगाचे गोळे दाबून उडवायचा, तो तर जपानी मासिकात छापूनच आला. लोकांनी टाइप करून खेळला. पुढे तोच सेमगेम म्हणून जगभर फिरला आणि मोरिबेचं नाव किती जणांना माहीत आहे?

पण दुसरी जात आहे, लेव्हलची. सोकोबानचा नियम फुकट आहे, पण कोपऱ्यात न अडकवता नेमकं छळणारं गोदाम आखणं फुकट नाही. लोड रनरच्या १५० लेव्हल कोणीतरी बसून आखल्यात. तिथे माल विकायला शिल्लक राहतो. आणि लेमिंग्ज विसरलात, सरळ चालत सुटणाऱ्या बारक्या प्राण्यांना कामं देऊन दारापर्यंत न्यायचा गेम? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीएमए डिझाइनने केला, सिग्नोसिसने १४ फेब्रुवारी १९९१ ला अमिगा या घरच्या कॉम्प्युटरवर काढला आणि पहिल्याच दिवशी ५५,००० गेले. ना कुठल्या मशीनच्या खोक्यात, ना फुकट.

त्याची सुरुवात पण ऐकण्यासारखी आहे. ऑफिसमधे वाद चालला होता की लहानात लहान किती पिक्सेलमधे चालणारा माणूस दाखवता येईल. माइक डेलीने जेवणाच्या सुट्टीत आठ बाय आठच्या चौकोनात चालणारी माणसं करून दाखवली, ती डोंगरावर चढतायत आणि चेंगरून मरतायत. सगळे हसले, आणि रसेल केने बघून म्हटलं की यात गेम आहे. मग लेव्हल आखायला त्यांनी चित्र काढायच्या डीलक्स पेंटसारखा एडिटर केला, आणि ऑफिसातले लोक एकमेकांना अडवायला लेव्हल करायचे. अशा १२० झाल्या. आता याची नक्कल करायची तर नियम चोरून भागत नाही, १२० वेळा डोकं खाजवावं लागतं.

ठोकळेबाज

+१ लेव्हलच्या मुद्द्याला. अवांतर: नक्कल न करता 'तसंच काहीतरी' करणारेही होते. मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरच्या मशीनवरचा टेट्रिस त्या हक्कांच्या भानगडीत सेगाला मागे घ्यावा लागला, कार्ट्रिज झालेल्या असताना. मग त्यांनी काय केलं, जे गियर्टसेन नावाच्या एचपी या कॉम्प्युटर कंपनीतल्या माणसाने १९८९ मधे केलेला कॉलम्स विकत घेतला, तिथे ठोकळ्याच्या आकाराऐवजी रंग जुळवायचे, आणि आपल्या गेम गिअर या हातातल्या मशीनच्या खोक्यात तोच टाकला. म्हणजे तिरका_डोळांचा खोका परत आलाच. निन्टेन्डोने स्वतः १९९० मधे डॉ. मारिओ काढला, कंपाइलने १९९१ मधे पुयो पुयो. १९८८ पर्यंत ज्याला नाव नव्हतं तो कप्पा दोन-तीन वर्षांत भरून वाहायला लागला.

चौकोनी_चिंटू

काय लिहिलंय राव सगळ्यांनी, दोनदा वाचलं. मित्राला लिंक पाठवलीये, अजून उत्तर नाही.

एक उपप्रश्न. जुनी_फ्लॉपी म्हणतात नियम फुकट असतो. म्हणजे मी सोकोबानचा ढकला-ओढू-नका नियम वापरला तर चालतं ना? माझ्या गेममधे तो आहे, वर थोडं माझं आहे, म्हणजे एक ठोकळा दुसऱ्याला चिकटतो वगैरे. कोणी कोर्टात खेचणार नाही ना 😅

ठोकळेबाज

नियमावर कॉपीराइट नसतो, निदान अमेरिकेत तरी तसंच धरतात, कल्पना मोकळी आणि तिची मांडणी राखीव. पण मांडणी कुठे सुरू होते त्याचा एक धडा आहे. टेट्रिस कंपनीने झिओ नावाच्या कंपनीवर दावा लावला होता, त्यांनी मीनो नावाचं फोनवरचं अ‍ॅप केलेलं. झिओचं म्हणणं आम्ही फक्त नियम घेतलेत. २०१२ मधे न्यू जर्सीच्या कोर्टाने सांगितलं की ठोकळे पडणार आणि ओळ भरली की जाणार हे ठीक, पण तुमचे तुकडे तसेच, रंगवायची पद्धत तशीच, पट्टी दहा चौकोन रुंद आणि वीस उंच तीही तशीच, खाली ठोकळ्याची सावली दिसते तीही तशीच, एवढं सगळं तसंच असायची काही गरज नव्हती. झिओ हरली.

तुमचं चिकटणं वगैरे स्वतःचं आहे, चित्रं स्वतःची असतील, लेव्हल स्वतः आखल्या असतील तर काळजी नको. फक्त जुन्या सोकोबानच्या लेव्हल जशाच्या तशा उचलू नका, नेटवर ढीग पडलेत म्हणून मोह होतो.

चौकोनी_चिंटू

लेव्हल सगळ्या माझ्याच आहेत. १७ वी सोडवायला मलाच परवा वीस मिनिटं लागली, बनवली मीच आणि उत्तर विसरलो. कोणी ती खेळून बघणार का? खूप अवघड झालीये का ते कळेल.

तिरका_डोळा

पाठवा की, रविवारी मोकळाच आहे. खोका नसला तरी चालेल.

जुनी_फ्लॉपी

मला पण पाठवा, पण १७ वी नको, पहिली पाठवा. लेमिंग्जची पहिली लेव्हल आठवून बघा, नावच 'फक्त खणा'. दहा लेमिंग, आठ कामांपैकी फक्त खणायचं बटण चालू, एकाला दाबलं की तो खाली जातो आणि बाकीचे त्याच्या मागून. अर्ध्या मिनिटात संपते. चिकटणारा ठोकळा तुमच्या पहिल्या लेव्हलमधे असा, काही न लिहिता, समजतोय का ते बघतो, मग १७ वीकडे येऊ.

चौकोनी_चिंटू

पहिल्या लेव्हलमधे सध्या चार ओळींच्या सूचना आहेत 🙈 उद्यापर्यंत काढून पाठवतो.